काढून ठेवलेली नेत्रिका

खिडकीतल्या उन्हात नेत्रिका चमकते आहे. दुर्बिणीला जिथे डोळा लावतात, तिथली ही भिंगांची अंगठ्याएवढी नळी. आरसा आभाळातला उजेड गोळा करतो, पण दिसतं ते हिच्यातूनच. ह्यांनी तो आरसा वर्षभर हाताने काच घासून घडवला होता. हे गेले आणि तेराव्यालाच दीर दुर्बीण घेऊन गेले. “वहिनी, तुम्हाला काय उपयोग?” बघून झालं की हे नेत्रिका काढून कपाटात ठेवत, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

काल त्यांचा फोन आला. “चंद्र नुसता पांढरा डाग दिसतो हो. आरसा पुसला, तरी तसाच.”

“अजून जोरात पुसा,” मी म्हणाले.

पुसण्याने आरशावरचा चंदेरी मुलामा निघतो. ह्यांचीच मेहनत जाईल, हे मला कळतं. तरी आज बऱ्याच दिवसांनी चहाला चव होती.