दुधात भिजवलेला लाडू

आई गेली त्या वर्षी माझ्या दातांवर तार होती. एकतिसाव्या वर्षी कुणी तार लावून घेतं का, असं कंपनीत सगळ्यांचं विचारून झालं होतं. चाकणला एका कारखान्यात मी माल तपासणीला आहे. दिवसभर बोलावं लागतं, आणि बोलताना मी तोंडावर हात धरते हे आईला फार खुपायचं. शाळेत असताना दातांचं राहून गेलं ते गेलंच. मग एका रविवारी तिनेच मला चिंचवडच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तार बसल्यावर काय खायचं नाही हे डॉक्टर सांगत होत्या तेव्हा मी आरशात बघत होते. ऐकत होती ती आई.

"पण मग सणाला काय खायचं हिनं?" तिने विचारलं.

"जिभेनं टाळूवर दाबलं की फुटतं, ते खुशाल खाऊ दे. दातानं तोडावं लागतं ते नाही. आणि चिकटणारं तर मुळीच नाही."

आईने हे मनावर घेतलं. संक्रांतीला माझ्यासाठी तिने तीळ आणि गूळ बारीक कुटून वाटीत घालून दिले, चमच्याने खायला. पाडव्याला श्रीखंड होतंच. आषाढात तिला ताप आला, दवाखान्यात नेलं, आणि आठव्या दिवशी ती गेली. तार घट्ट करायच्या पुढच्या सगळ्या तारखा मी चुकवल्या. लक्षातच राहिल्या नाहीत.

घरातलं माणूस गेलं की पहिल्या दिवाळीला आमच्याकडे कढई चढवत नाहीत. फराळ नातेवाइकांकडून, शेजाऱ्यांकडून येतो. तसे डबे आले. ओट्यावर ओळीने राहिले. बाबा आणि मी सकाळ-संध्याकाळ पोळीभाजी खात होतो, डब्यांना हात लावत नव्हतो. मी आईसाठी एकदाही रडले नव्हते. का ते मलाही सांगता येत नव्हतं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळच्या लोकलने तळेगावहून आत्या आली. बाबांची धाकटी बहीण. दोन्ही हातांत पिशव्या. बसायच्या आधीच तिने डबा उघडला आणि रव्याचा लाडू माझ्यापुढे धरला.

"घे पोरी. सण हाय, तोंड गोड कर."

"आत्या, मला कडक चालत नाही गं."

"कडक न्हाई त्यो. माझ्या हातचा हाय."

नाही म्हणवेना. चार महिन्यांनी कुणीतरी मला हाताने भरवत होतं. मी चावले. पाक पुढे गेलेला होता, लाडू दगडासारखा. कट्‌ असा आवाज झाला, तारेचं टोक सुटून गालात शिरलं आणि दाताला चिकटवलेली बारीक चकती लाडवाच्या तुकड्याबरोबर तळहातावर आली. मी मोरीकडे धावले. चूळ भरली, पाणी लाल झालं, आणि मग जे रडू आलं ते काही केल्या थांबेना. दातासाठी नव्हतं ते, हे तिघांनाही कळलं.

आत्या दारात उभी राहून म्हणत होती, "माझ्यामुळं झालं, दादा. माझ्या हातानं झालं."

"तुझ्यामुळं काही नाही," बाबा म्हणाले. "रडू दे तिला."

डॉक्टरांना फोन केला. दवाखाना भाऊबीजेनंतर उघडणार होता. तोवर टोचणाऱ्या टोकावर मेण लावा, असं त्यांनी सांगितलं. तारेबरोबर मिळालेली मेणाची डबी आईने कुठे ठेवली होती ते बाबांना माहीत होतं. त्यांनी वाटाण्याएवढी गोळी वळली, मला खुर्चीवर बसवलं, मोबाइलचा उजेड आत पाडला. तीस वर्षं कारखान्यात लेथवर काम केलेला हात, पण त्या दिवशी गोळी दोनदा निसटली. तिसऱ्यांदा मेण नीट बसलं.

तोवर आत्याने ओट्यावरचे सगळे डबे उघडले होते. एकेक जिन्नस बोटांत दाबून बघत ती दोन परातींत टाकत होती. चकल्या, अनारसे, कडक शंकरपाळे एकीकडे. बेसनाचे लाडू, पेढे, चिरोटे दुसरीकडे. करंजी हातात घेऊन तिने मला विचारलं, "हिचं काय?"

"सारणातलं खोबरं तारेत अडकतं."

करंज्या पहिल्या परातीत गेल्या. स्वतःचे लाडू मात्र तिने कुठेच टाकले नाहीत. दूध गरम केलं, तीन वाट्यांत एकेक लाडू ठेवला आणि वरून दूध ओतलं. थोड्या वेळाने ते फुगून मऊ झाले. आम्ही तिघं जमिनीवर मांडी घालून चमच्याने खात बसलो. बाबांना गोड फारसं आवडत नाही, तरी त्यांनी वाटी संपवली.

"तिला पटलं नसतं हे," वाटी खाली ठेवत ते म्हणाले. "लाडू भिजवून खायचा म्हणजे काय, म्हणाली असती."

आत्या हसली आणि लगेच पदर डोळ्यांना लावला. आई गेल्यापासून बाबांनी तिच्याविषयी काढलेले ते पहिले शब्द होते. त्या दुपारी मग ते बरंच बोलले.

भाऊबीज झाल्यावर मी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी हातमोजे चढवता चढवता दाराकडे बघितलं.

"आज आई नाही आल्या?"

मी सांगितलं. त्यांनी एक मोजा काढला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग नवा मोजा घालून म्हणाल्या, "तोंड उघडा. दुखलं तर सांगा."

पुढच्या महिन्यापासून बाबा बरोबर यायला लागले. मी यायला सांगितलं नव्हतं. तारीख ते स्वतःच लक्षात ठेवत, इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसत, आणि दवाखान्यात पेपर उघडून एकच पान धरून राहत. दीड वर्ष असं चाललं. तार निघाली त्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना आत बोलावलं. मी बाबांकडे बघून हसले. हात तोंडावर गेला नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"छान झाले," एवढंच म्हणाले, आणि रिक्षा बघायला माझ्या आधी जिना उतरले.