गफूरभाईंनी झाकलेली माझी चूक

गफूरभाईंच्या सलीमचा फोन आला तेव्हा मी उदगीरच्या भाजीबाजारात दोडकी निवडत होतो. "सर, अब्बा गेले," एवढंच बोलला. दोडकी तिथंच टाकून मी निघालो, आणि बरंच चालल्यावर ध्यानात आलं की पाय त्यांच्या घराकडं नाही, दुकानाकडं वळलेत. वीस वर्षांची सवय. गफूरभाई पाण्याच्या जळालेल्या मोटारींना तांब्याच्या तारेचं वाइंडिंग करायचे, मी बाजूला बसून पेपर वाचायचो. जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेला मी, बायको गेलेली, लेक पुण्याला… मला दुसरीकडं जायला होतं तरी कुठं?

दोन वर्षांपूर्वी त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. गाठीचा तुकडा तपासायला हैदराबादला गेला, इंग्रजीत रिपोर्ट आला, आणि तो त्यांनी डॉक्टरच्या आधी माझ्यापुढं ठेवला. सलीम आणि जावेद, दोघंही पोरं माझ्या हाताखालून गेलेली. सरांचा शब्द म्हणजे त्यांना काळ्या दगडावरची रेघ. रिपोर्टात होतं, दोन जीन एकमेकांना जोडले गेलेत. जीन बापाकडून लेकरात जातात, हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं. चष्मा सावरून मोठ्या ऐटीत सांगून टाकलं की पोरांतही हे उतरलं असणार. ठाऊक नव्हतं तर तसं म्हणावं ना माणसानं! पण मास्तरकी अंगात मुरलेली. गफूरभाईंनी रिपोर्टाची घडी घातली आणि ते कामाला लागले.

त्यानंतर ते पोरांपासून तुटले. सगळे मिळून एका ताटात जेवणारं ते घर. हे आपलं ताट वेगळं घेऊन बसायला लागले. जावेदशी तर बोलणंच टाकलं. दुखण्यानं माणूस चिडका झाला, असं घरच्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं, काय सांगू…

आठ महिन्यांनी दुखणं हाडांत गेलं. लातूरला दाखवायचं ठरलं तर पोरांना दुकानावर बसवून त्यांनी मलाच सोबत घेतलं. तिथली डॉक्टर तरुण होती, पण समजावून सांगणारी. पुरुषाच्या हार्मोननं चालू होणारा एक जीन असतो. त्याचं चालू करणारं टोक तुटून पेशी वाढवणाऱ्या दुसऱ्या जीनला चिकटलंय, म्हणून हार्मोन आलं की वाढ सुरू, ते हार्मोनच बंद करायला इंजेक्शन, असं ती म्हणाली. गफूरभाईंना लगेच उमगलं: एकाचा स्टार्टर दुसऱ्याच्या मोटारीला लागला, म्हणून तुम्ही इंजेक्शन देऊन लाईनच तोडून राहिलात. ती हसली. अगदी तसंच, पण ही मोटार पुढं कुठून तरी चोरून लाईन घेते, म्हणाली. मग त्यांनी हळूच विचारलं, "अन् माझ्या पोरांत?"

"नाही काका. हा जोड जन्मापासून नव्हता, तुमच्या त्या गाठीतच झाला. तो मुलांत उतरत नाही. वडलांना झालाय म्हणून त्यांनी वेळेवर तपासणी करत राहावी, तेवढंच."

परतीच्या बसमध्ये नळेगाव आलं तेव्हा ते माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "आठ महिने पोरांकडं बघायची शरम वाटली, सर. वाटायचं, मीच त्यांच्यात हे जहर घातलं." उतरताना म्हणाले, "त्यांना सांगू नका. तुमच्याकडं शिकलेत ती." मी मान हलवली. माफी मागायला हवी होती, पण जीभच उचलली नाही. त्या दिवसापासून ते पुन्हा पोरांसोबत जेवायला बसू लागले, पण तोवर दोन घासही जड व्हायला लागले होते.

चाळिसाव्या दिवशी दुवेला सगळे जमले तेव्हा जावेद माझ्याजवळ येऊन बसला. "सर, अब्बा मधे इतके महिने आमच्यावर नाराज होते. आमचं काय चुकलं?" आजारपणात माणूस असाच होतो, असं काहीतरी पुटपुटून मी घरी आलो.

तेव्हापासून दुकानाकडं गेलेलो नाही. चार वाजले की चपला घालतो, दारापर्यंत जातो, परत येऊन बसतो. अख्ख्या दिवसात कुणाशी चार शब्द बोलणं होत नाही, आणि तक्रार करायला तोंड नाही. सलीम, जावेद… तुमचं काही चुकलं नव्हतं. अब्बा तुमच्यावर नाराज नव्हते. चुकलो मी, आणि त्यांनी ते मरेपर्यंत झाकलं. हे पेपरात छापून येईल त्या दिवशी चार वाजता मी दुकानात येईन. बसा म्हणालात तर बसेन.