कराचीकर मास्तरांचा परवाना

‘कराचीकर मास्तर इतके मानी, की आपल्याच गावी जाण्यासाठी परवाना मागणे त्यांनी अखेरपर्यंत नाकारले.’ मुलुंडच्या आमच्या शाळेच्या स्मरणिकेत सबनीसांनी असे छापले आहे. सबनीस माझे जुने सहकारी. भाषा गोंडस, विधान साफ चुकीचे.

मास्तर फाळणीनंतर कराचीच्या मराठी शाळेतून आमच्याकडे इतिहास शिकवायला आले. ‘आम्ही’ हा शब्द त्यांना खपत नसे. ‘आम्ही म्हटलं की ऐकणारा दाराबाहेर राहतो. आपण म्हण,’ असे ते वर्गाला बजावत. कराचीलाही ते ‘आपल्याकडे’च म्हणत. मुलुंडच्या उकाड्यात घाम पुसत सांगत, ‘आपल्याकडे दुपारी समुद्रावरून काय वारा सुटतो!’

त्या ‘आपल्याकडे’त युसुफ असे. हा तिथला चित्रकलेचा शिक्षक, मूळचा रत्नागिरीकडचा, मास्तरांचा शेजारी. त्याची मराठीतली पत्रे मास्तर मला वाचून दाखवीत. स्पष्टच लिहितो, त्या न पाहिलेल्या माणसाचा मला भयंकर हेवा वाटे. मास्तरांच्या खोलीवर रोज जाणारा मी, आजारपणात पेज करून देणारा मी. पण पोस्टमन आला की मी तिथे नसल्यासारखाच.

पासपोर्ट सुरू झाले तेव्हा मास्तरांनी शिक्षकांच्या खोलीत जाहीर केले होते, ‘आपल्या घरी जायला चिठ्ठी दाखवणार नाही.’ सबनीसांनी ऐकले ते एवढेच. पुढे ते नागपूरला नोकरीला गेले. महायुद्धानंतर ऑस्ट्रिया चार भागांत वाटून बसलेल्या चार देशांच्या फौजा पंचावन्न साली तिथून निघाल्या, तो देश पुन्हा एकसंध झाला, आणि मास्तर वर्तमानपत्रात बुडाले.

‘वसंता, ही माणसं दहा वर्षं स्वतःच्याच देशात चौकीचौकीवर ओळखपत्र दाखवत फिरली रे. भेटत राहिली, म्हणून एक झाल्यावर अनोळखी नव्हती.’

‘मास्तर, त्यांचं सरकार एकच होतं. आपलं प्रकरण वेगळं आहे.’

‘सरकारांचं सरकारं बघतील. मी मान सांभाळत बसलो आणि तिकडे युसुफ म्हातारा झाला.’

परवान्याचा अर्ज आणायचे काम माझ्याकडे आले. मी पंधरा दिवस टाळले. कचेरी बंद होती, साहेब रजेवर होते, अशा थापा मारल्या. हा माणूस तिकडे गेला तर परतणार नाही, ही माझी धास्ती. शेवटी मास्तर हसून म्हणाले, ‘वसंता, तुझी चौकी कधी उघडणार? येईन रे परत. मॅट्रिकचा अर्धा भाग शिकवायचा राहिलाय.’

पुढच्या वर्षी मे महिन्यात ‘कोकणात जातो’ असे शाळेत सांगून मास्तर बोटीने कराचीला गेले आणि शाळा उघडण्याआधी परतले. जाहीर शब्द मोडल्याचे त्यांनी कुणाला सांगितले नाही. ते होते तोवर मीही गप्प राहिलो. पण भेटीसाठी मान बाजूला ठेवणारा माणूस मोठा, हे सबनीसांना कळत नसेल, तर आता बोलले पाहिजे.

अर्ज भरताना युसुफच्या नावापुढच्या ‘नाते’ या रकान्यापाशी मी थांबलो.

‘मित्र लिहू?’

‘भाऊ लिही. आणि नीट लिही, खोडू नकोस.’

लिहिताना माझा जीव जळला. त्या अर्जाची दुसरी प्रत माझ्याजवळ आहे. अक्षर माझे, सही मास्तरांची.