चौथं पाणी

विहिरीत पोहरा दगडावर आपटला. मॅनेजरसाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "कुलकर्णी, क्वार्टरचा अर्ज परत घ्या. लगद्यालाच पाणी पुरत नाही, तुमच्या बिऱ्हाडाला कुठून देऊ?"

लढाईचे दिवस होते. गिरणीचा कागद मिळेनासा झाला, म्हणून आटपाडीजवळच्या माळावर हातकागदाचा कारखाना निघाला होता. मी तिथला केमिस्ट. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि त्यातले जेमतेम वीस दिवस मी सुशीलाबरोबर काढले होते. ती सांगलीला, माझ्या आईवडिलांजवळ. 'क्वार्टर मोठं नको, दार लावून घेता आलं म्हणजे झालं,' असं तिनं लिहिलं होतं. संध्याकाळी माळावर एकटा बसून मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचायचो.

आमचं काम साधं. जुनी गोणपाटं चुन्याच्या पाण्यात दिवसभर उकळायची, कुटायची, प्रत्येक घाण्याचा लगदा चार वेळा धुवायचा आणि हौदात कालवून त्याचे कागद काढायचे. चुना राहिला तर कागद बिघडतो. चारही वेळा ताजं पाणी लागायचं. उकळायला जळण लागायचं, तेही गाडीनं लांबून यायचं.

धुण्यावर रहिमतबी होत्या. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कागद होत आलेला. एकदा त्या मला म्हणाल्या, "आवं साहेब, ह्ये चौथं पानी निवळ हाय की. वतून कशाला देता? फुडल्या घाण्याचं तिसरं धुनं ह्यातच व्हईल."

कॉलेजात शिकलो मी, सुचलं त्यांना. मग मी सगळीच पाणी एकेक पायरी मागं सरकवली. चौथं पाणी पुढच्या घाण्याच्या तिसऱ्या धुण्याला, तिसरं दुसऱ्याला, दुसरं पहिल्याला. ताजं फक्त शेवटच्या धुण्याला. उकळलेलं चुन्याचं पाणी गरम असतानाच पुढच्या कढईत.

पहिल्याच लॉटला कागदावर काळे ठिपके उठले. "हे सरकारी कचेरीत पाठवू? माश्या बसल्यात म्हणतील!" साहेब ओरडले.

"पान्याला जरा बसू द्या, साहेब. लय घाई करता तुमी," रहिमतबी मला म्हणाल्या.

"घाई आहेच."

"घरवालीची?"

मी मान डोलावली.

"मग आनखी दोन रांजण मागून घ्या."

रांजण आले. पाणी निवळू द्यायचं, फडक्यातून गाळायचं, मगच वापरायचं. पुढचा लॉट स्वच्छ निघाला. महिन्याभरात विहिरीवरचं ओढणं निम्म्याहून कमी झालं, जळणाच्या गाड्याही कमी झाल्या. मी सुशीलाला लिहिलं, ट्रंक भरून ठेव. मग रिपोर्ट आणि नवा अर्ज घेऊन साहेबांकडे गेलो.

साहेबांनी रिपोर्ट दोनदा वाचला. "शाबास! एवढ्या पाण्यात दुसरा हौद सहज चालेल. वरून मागणी आहेच."

"आणि क्वार्टर, साहेब?"

"पाणी उरलं तर बघू."

दुसरा हौद झाला, पाठोपाठ तिसरा. विहीर पूर्वीसारखीच तळाला गेली. सुशीलाला ट्रंक रिकामी करायला सांगणारं पत्र लिहायला मला आठ दिवस लागले. तिनं दोनच ओळींचं उत्तर पाठवलं आणि त्यात क्वार्टरचं नावही काढलं नाही. तेच जास्त लागलं. आणखी दीड वर्षानं मी नोकरी सोडली, सांगलीच्या एका शाळेत मास्तर झालो, तेव्हा कुठे आमचा संसार सुरू झाला.

पाणी असो की जळण, वाचलेलं कुणाच्या वाट्याला जाणार ते आधी लिहून घ्यावं. मी घेतलं नाही. आणि कागदाची तर आमच्याकडे मुळीच वानवा नव्हती.