पायसाहेब

ड्रायव्हरकाकांसमोर साहेब हा शब्द चुकूनही काढू नये. काढलात, की हातातला चहा गार होईपर्यंत सुटका नाही. फौजेत त्यांनी ट्रक चालवला, आता एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन दिवसभर उभे असतात, पण गप्पा अजून फौजेतल्याच. आणि त्या गप्पांत साहेब दोनच: एक हसरेसाहेब, एक पायसाहेब.

हसरेसाहेब म्हणजे देवमाणूस. खांद्यावर हात टाकून बोलणार, पोराबाळांची नावं घेऊन चौकशी करणार, जवानांच्या फालतू विनोदालाही पोट धरून हसणार. पायसाहेब त्यांचे वरिष्ठ, पण या माणसाच्या तोंडून गोड शब्द निघाला तर शपथ! दमूनभागून जरा पाठ टेकावी, तर हे दारात हजर. "बूट काढा. मोजे काढा. पाय दाखवा." मग खाली बसून एकेकाच्या पायाची बोटं फाकवून बघायचे, आणि ओल्या मोज्यावरून असे झापायचे की वाटावं, शत्रू मोज्यातच दडून बसलाय. पायसाहेब हे नाव जवानांनीच ठेवलेलं. अर्थात, त्यांच्या पाठीमागे.

"साहेब कसा असावा, तर हसरेसाहेबांसारखा," हे काकांनी आपल्या लेकीला ती बाहुल्या खेळायची तेव्हापासून ऐकवलं होतं. आता तीच लेक फौजेत अधिकारी व्हायला निघाली होती. परवा प्रशिक्षणाला जायचं. काकांना आभाळ ठेंगणं झालं होतं, पण एक घोरही लागला होता. पोरीनं नुसतं साहेब होऊन काय उपयोग? जवानांनी जीव टाकावा अशी साहेब व्हायला हवी. ते सांगायला हसरेसाहेबांखेरीज दुसरं कोण?

"आधी डॉक्टरकडे जा," काकू दारातून ओरडल्या. "रक्तातली साखर वाढलीय आणि वर लंगडताय."

"नवा बूट आहे, चावतो थोडा."

"नवा? वर्ष झालं त्याला!"

पण काका कसले ऐकतात. लेकीला घेऊन निघालेच.

हसरेसाहेबांनी दारातच मिठी मारली. केस पांढरे झाले होते, हसू तेच. भिंतभर फोटो, मऊ सोफा, चहा, बिस्किटं. काकांनी लेकीकडे असं पाहिलं, जणू हे साहेब त्यांनी स्वतःच घडवले होते.

"सर, चांगला अधिकारी कसा असतो?" लेकीनं विचारलं.

"सोपं आहे गं. माणसांना खूश ठेवायचं. बाकी सगळं आपोआप होतं."

"साहेब, तिला ती ओढ्याची गोष्ट सांगा ना," काका म्हणाले, आणि राहवेना म्हणून स्वतःच सांगू लागले. "ओढ्याला पूर आला होता. मी म्हटलं, पाणी जास्त आहे. साहेब म्हणाले, घाल रे गाडी. घातली. ट्रक आडवा! धान्य वाहून गेलं, मागे बसलेल्या स्वयंपाक्याचा पाय मोडला. चौकशी लागली. माझी नोकरी जाणार हे नक्की होतं. पण वाचलो. कुणी सांगितलं नाही, तरी मी ओळखलं, साहेबांनीच मला पाठीशी घातलं. आज आपलं घर उभं आहे ते यांच्यामुळे."

हसरेसाहेब खो खो हसले. "मी? अरे वेड्या, मी तर तुझंच नाव दिलं होतं!"

काकाही हसले. साहेब हसले की हसायचं, जुनी सवय. मग त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"माझं लग्न ठरत होतं रे तेव्हा. सांगून टाकलं, ड्रायव्हरनं आपल्या मर्जीनं गाडी घातली. तुझा निकाल लागल्यातच जमा होता. पण तो पाय्या उठला नि म्हणाला, तुकडी माझी, गाडी माझ्या हुकमानं गेली. तिथं नव्हतासुद्धा तो! बढती गेली, वर बदली. स्वतःचं वाटोळं करून घेतलं मूर्खानं." त्यांनी बशी पुढे सरकवली. "घे बाळ, बिस्किट घे."

लेकीनं घेतलं नाही. काकांनी हातातला कप खाली ठेवला. ज्यानं आपला गळा कापला त्याला इतकी वर्षं देव म्हटलं, आणि ज्यानं वाचवलं त्याची नक्कल करून गल्लीला हसवलं! पायसाहेबांच्या बदलीच्या दिवशी त्यांना स्टेशनवर सोडायला काकांचाच ट्रक होता. काका जागेवरून उतरलेही नव्हते. त्या माणसानं आपली ट्रंक स्वतः ओढून काढली, खिडकीपाशी येऊन म्हणाला, "मोजे बदलत जा," आणि गेला. ते वाक्य काका आजवर विनोद म्हणून सांगत आले होते.

"कुठं असतात ते आता?" लेकीनंच विचारलं.

"इथेच, दोन गल्ल्या सोडून. एकटाच राहतो. मी जात नाही बुवा, बूट काढायला लावेल!" साहेब पुन्हा हसले. या वेळी एकटेच.

दोन गल्ल्या काका कसे चालले ते त्यांनाच ठाऊक. दार उघडलं ते काठी टेकत आलेल्या एका वाळक्या म्हाताऱ्यानं. काकांनी सलाम ठोकला. खूप काही बोलायचं होतं, पण तोंडून निघालं ते एवढंच, "साहेब, ओढ्याचं मला आजच कळलं."

"लंगडतोयस का?" पायसाहेब म्हणाले.

"साहेब, मी तुमच्या ट्रंकेला हातसुद्धा..."

"बस खाली. बूट काढ."

काका बसले. बूट काढला, मोजा काढला. पायसाहेबांनी खाली बसायचा प्रयत्न केला, पण गुडघे वळेनात. त्यांनी लेकीकडे पाहिलं. "ही कोण?"

"मुलगी. परवा प्रशिक्षणाला जातेय. अधिकारी होणार आहे."

"मग तूच बस. आतापासून तुलाच बघायचेत."

लेक जमिनीवर बसली. बापाचं पाऊल तिनं मांडीवर घेतलं, काकांनी संकोचानं मागे ओढलं तरी सोडलं नाही. एकेक बोट फाकवत ती करंगळीपाशी आली आणि तिचा हात थबकला. बोट काळंनिळं पडलं होतं, खालची कातडी ओली होती.

"बाबा, हे दुखत नाही?"

"नाही गं. काहीच नाही."

"दुखत नाही तेच वाईट," पायसाहेब म्हणाले आणि काठी घेऊन दाराकडे वळले. "चल. दवाखाना उघडा असेल. आणि तू गं, त्याचा तो बूट पुन्हा चढवू नकोस. माझ्या चपला दे त्याला."

लेकीनं दारातल्या चपला आणल्या आणि बापाच्या पायात घातल्या. काका तोंडावर रुमाल धरून लहान मुलासारखे रडत होते. पायसाहेब अनवाणीच जिना उतरू लागले होते.