एका दमातली मोजणी

"हे जीबीएस आहे," पुण्याच्या डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम. मी वहीत लिहून घेतलं आणि मग अर्थ विचारला. पोटातल्या जंतूंशी लढायला शरीर जी फौज उभी करतं, ती कधी कधी जंतू संपल्यावर आपल्याच नसांवर उठते. आधी पाय जातात, मग हात. आम्हाला भीती छातीची होती, श्वास अडकण्याची.

"महिन्याभरात ताप, जुलाब?"

"न्हाई," आमचे हे म्हणाले.

मी वहीची पानं तीन आठवडे मागे उलटली. 'ह्यांना जुलाब, चार दिवस.' त्यावर माझीच रेघ. काम संपलं की मी रेघ मारते आणि पुन्हा वाचत नाही.

त्यात आमच्याकडे वारूळवाडीला कांदाकाढणी चालू होती. दिवसभर उकिडवं बसलं की सगळ्यांच्याच पायांना मुंग्या येतात. "कांद्याचं पाय हायेत गं, जात्याल," हे म्हणाले. मी तीन दिवस तेल चोळलं. चौथ्या दिवशी ट्रॅक्टरवर चढायला पाय उचलेना. मंचरला दाखवलं, तिथून पुण्याला पाठवलं.

कमरेतून पाणी काढून तपासलं. मग आयव्हीआयजी सुरू झालं. म्हणजे अनेक दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं, सलाईनसारखी, पाच दिवस. गुण लगेच येत नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं.

डॉक्टर दर चार तासांनी एकच परीक्षा घ्यायच्या. "खोल श्वास घ्या आणि एका दमात मोजा."

"लाभ, दोन, तीन..."

"लाभ?"

"धान्य मापताना पयल्या मापाला एक म्हणत न्हाईत, मॅडम."

"बरं, मोजा. गप्पांत दम घालवू नका."

पहिल्या दिवशी बावीस. दुसऱ्या दिवशी सतरा. तिसऱ्या दिवशी बारा. दहाच्या खाली गेले तर व्हेंटिलेटर, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. मी बाकावर बसून आकडे लिहीत होते. दुसरं काही करायचं त्राणच नव्हतं.

चौथ्या दिवशी ह्यांनी 'एक'पासून सुरुवात केली. अकरावर थांबले. लाभ का नाही म्हणालात, मी विचारलं.

"हवा जाती त्यात," एवढंच म्हणाले.

पाचव्या दिवशीही अकराच. सहाव्या दिवशी सकाळी मी पेन घेऊन उभी राहिले आणि ऐकलं, "लाभ." चौदापर्यंत गेले.

जुलाब किंवा ताप येऊन गेल्यावर चार आठवडे पायांकडे लक्ष ठेवा. दोन्ही पायांना मुंग्या आल्या, पायरी चढवेना, तर तेल चोळत बसू नका. मी बसले होते.

ज्यांच्या रक्तातून ते औषध आलं, त्यांची नावं मला कधी कळणार नाहीत. त्यांची आठवण मात्र रोज येते.

हे अजून वॉकर धरून चालतात. काल साठवणीच्या चाळीतला कांदा निवडताना खुर्चीवर बसून पाट्या मोजत होते. लाभ ऐकू आलं. वहीत 'ह्यांचे पाय' असं लिहिलंय, त्यावर मी रेघ मारलेली नाही.