खाली ठेवलेलं पिल्लू

कृषी प्रदर्शनात बंड्याला, आमच्या कुत्र्याच्या पिल्लाला, मुद्दाम नेलं होतं. माझ्या मुलीला, मुक्ताला, दिसत नाही. मोठं होऊन हे पिल्लू तिला वाट दाखवणार, म्हणून त्याला आतापासून गर्दीची आणि गोंगाटाची सवय लावायची होती. शेजारचं मळणी यंत्र धडधडत सुरू झालं आणि बंड्या माझ्या चपलेवरच मुतला.

"काका, कुत्रं आणलंय की ससा?" यंत्रवाला हसला.

मी पिल्लू चटकन उचललं. माझ्या कोपरावरचा मुक्ताचा हात सुटला.

"बाबा, उचललंत ना त्याला?"

"थरथरतंय गं."

"मीही थरथरायचे. तुम्ही उचलत राहिलात, म्हणून अजून तुमचं कोपर धरून फिरते. ठेवा खाली."

माया म्हणून मी जे जे करतो, त्यात माझीच भीती किती असते, हे त्या धडधडीत मला लख्ख कळलं. मी पिल्लू खाली ठेवलं. ते भुशाच्या धुरळ्यात अंग चोरून बसलं, शिंकलं, मग नाक पुढे करत यंत्राच्या दिशेने थोडं सरकलं.

"पट्टा द्या," मुक्ता म्हणाली.

मी दिला. दोघं अडखळत पुढे निघाली. मी मागेच उभा राहिलो, दोन्ही हात पाठीशी घट्ट धरून.